काचेसारखा बर्फ

सायबेरियात, याकुतियातल्या आपल्या गावाबाहेर नदीकाठ खणून संशोधक तुयाराने जुनापुराणा बर्फ प्रयोगशाळेत नेला. त्यात हजारो वर्षं निजलेला जंतू जागा झाला. पाणी उकळलं तरी तो मरेना, आणि ते पाणी प्यायलेला एकही उंदीर वाचला नाही.

धास्तावलेली तुयारा तो खड्डा बुजवायला गावी धावली.

"आधी चहा घे, मग घाल काय तो गोंधळ," आई म्हणाली.

कप रिकामा झाल्यावर तुयाराला एकदम आठवलं. "आई, पिण्याच्या पाण्यासाठी तळ्यावरून कापून ठेवलेला बर्फ यंदा तळघरातच वितळला ना गं? मग चहाला हा कुठला?"



"तुझ्याच खड्ड्यातला, शहाणे! काचेसारखा आहे. सगळं गाव तिथूनच नेतंय."