तीच ओळ

लोकांनी नुकतीच गायलेली ओळ मार्जरीच्या नवऱ्याने पुन्हा सांगितली. इंग्लंडातल्या त्या खेड्यात तेव्हा वाचता येणारे विरळाच. म्हणून चर्चमध्ये तो स्तोत्राची एकेक ओळ वाचून सांगायचा आणि मागोमाग सगळे गायचे. त्याने तीच ओळ तिसऱ्यांदा सांगितली, तशी बाकांवर चुळबुळ झाली.

मार्जरी एकटीच ती पुन्हा गाऊ लागली. मग लोहाराने सूर मिळवला, मग सगळ्यांनी.

निघताना पाद्रीबाबांनी तिच्याकडून स्तोत्रांचं पुस्तक मागून घेतलं. "पुढच्या रविवारपासून शाळेतले मास्तर ओळी सांगतील, बाई."

घरी ती नवऱ्याचे बूट काढायला बसली.

"आज लोक तिथेच का अडकत होते गं?" तो कुरकुरला.

"सराव कमी पडला."

"पुढच्या रविवारी सावकाश सांगतो. पुस्तक कुठाय?"

"चर्चमध्येच राहिलं," ती बुटाला म्हणाली.