मशीनची जागा

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात हौसरावांचं कपडे धुवायचं मशीन सारखं तापून बंद पडत होतं. सगळ्या पाटस गावात तसलं ते एकच. वायरमन ज्ञानदेवनं मागच्या अंगणात बसून ते खोललं. मोटर चांगली होती.

"आप्पा, हे दिवसभर उन्हात उभं हाय. आत सावलीला घ्या, न्हाईतर जळंल."

दोघा गड्यांनी मशीन उचलून स्वयंपाकघराजवळ नेलं. ज्ञानदेव मागोमाग निघाला.

"तू तिथनंच सांग, पिन कुठं लावायची ते," हौसराव म्हणाले.

त्यानं उंबऱ्याबाहेरून सांगितलं. मशीन फिरायला लागलं. हौसरावांच्या बायकोनं त्याला अंगणात, उन्हातच चहा दिला.



पिऊन झाल्यावर त्यानं कप स्वतः विसळला आणि बाहेरच्या कोनाड्यात, कपाच्या नेहमीच्या जागी, पालथा ठेवला.