हलकी आवृत्ती

“बाई, ह्याला दोनच जीबी रॅम आहे. नव्या सिस्टिमची मोठी आवृत्ती ह्या कॉम्प्युटरला झेपायची नाही,” दुरुस्तीला आलेला गौस मुजावर म्हणाला. “हलकी आवृत्ती टाकतो.”

ग्रंथपाल खानोलकरबाई पटकन त्याच्या आणि कॉम्प्युटरच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. हलकी म्हणजे संक्षिप्त, आणि संक्षिप्त म्हणजे पानं गाळलेली. उभा जन्म पुस्तकांत काढल्यावर त्यांना दुसरा अर्थ कुठून सुचणार? वाचनालयातल्या अकरा हजार पुस्तकांची यादी ह्याच खोक्यात होती, त्यांनी एका बोटाने टाइप केलेली.

“माझ्या यादीतलं काय काय गाळणार?”

“यादीला हात लावत नाही. नुसता नट्टापट्टा जातो.”

तासाभराने पडदा उजळला. पूर्वी एक पुस्तक शोधायला लावून बाई चहा करून आणायच्या, तरी चक्र फिरतच असायचं. आज त्यांनी भीतभीत ‘अ’ दाबला आणि बोट उचलायच्या आत पुस्तकांची रांगच्या रांग समोर उभी राहिली. त्या थेट ‘ज्ञ’पर्यंत जाऊन आल्या. एकही पुस्तक हललं नव्हतं.

“एवढा वेग ह्याच्या अंगात होता?”

“पहिल्यापासून. ओझ्याखाली दबला होता.”

बाईंनी टेबलाचा खण उघडला. मग परत आलेल्या पुस्तकाला लावतात तशी एक चिठ्ठी त्यांनी कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवली आणि पेन्सिलीने लिहिलं, ‘पाने तपासली. पूर्ण.’