बाबांचा शेरा

तापाचे कारण एकदा देऊन झाले होते. पाहुणे आल्याचेही. तिसऱ्या वेळी काय सांगावे हे सुचण्याआधीच काठ्यांच्या कंपनीतल्या बाईंचा निरोप पडद्यावर उमटला : "उद्या अकराला येतेच. फोटो फक्त दोघांचा, तुम्ही आणि बाबा. पाच मिनिटांचं काम."

त्याने निरोप दोनदा वाचला आणि संगणक बंद केला.

ब्लॉगचे नाव 'बाबांसाठी'. वय झालेल्या माणसाकरिता बाजारातून काय घ्यावे आणि काय घेऊ नये, एवढाच त्याचा विषय : न घसरणाऱ्या चटया, मोठ्या आकड्यांचे फोन, गोळ्यांच्या डब्या, काठ्या. पद्धत पहिल्या लेखापासून ठरलेली होती. वस्तू घरात येई, वडील ती तीस दिवस वापरत, मुलगा लेख लिही, आणि लेखाच्या तळाशी वडिलांचे एक वाक्य जसेच्या तसे छापले जाई. त्याचे नाव 'बाबांचा शेरा'. "डबी उत्तम आहे. उघडेपर्यंत दुखणे थांबते." वाचक आधी तळाशी जात, मग वर येत. त्या एका वाक्यावर कुणी वस्तू घेई, कुणी घेतलेली परत पाठवी.

आठ महिन्यांपूर्वी या घरात दोन माणसे होती. आता एकच होते.

वाचकांना हे कळवायचे राहून गेले. पहिल्या आठवड्यात अंगात त्राण नव्हते. दुसऱ्या आठवड्यात एका वाचकाने विचारले, "लेखाला उशीर झाला. बाबा बरे आहेत ना?" त्याने उत्तर लिहिले, "बरे आहेत." तिथून पुढे मागे फिरता आले नाही.

तेव्हापासून वापरणारा आणि लिहिणारा एकच झाला. ब्लॉगवर चेहरे कधीच नसत. छायाचित्रात वस्तू असे, आणि फार तर ती धरलेली मूठ. मूठ बदलली आहे, असे आठ महिन्यांत एकाही वाचकाला वाटले नव्हते. शेरा त्याला क्षणात सुचे. त्यावरची दोन पाने मात्र आठवडा खात; पूर्वीच्या लेखांतला तो हसरा, खोडकर सूर काही केल्या हाती लागत नसे.

संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेला. ब्लॉगमागचे खरे एकट्या औषधवाल्यालाच ठाऊक होते.

"काय लेखकराव, आज कुणाचा निकाल लावलात?"

"काठीचा. उद्या कंपनीची बाई येतेय. दोघांचा फोटो हवाय म्हणे."

औषधवाल्याच्या हातातली कात्री थांबली. "मग?"

"मग काय? डोकं चालत नाही."

"रागावू नका, पण एक बोलतो. गेलेल्या माणसाच्या तोंडी आठ महिने शब्द घालताय तुम्ही. आणि लोक बिचारे भरवशानं दुकानं गाठतायत."

"वस्तूंबद्दल एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही मी!" तो ताडकन म्हणाला. "प्रत्येक वस्तू महिनाभर वापरलीय. त्या हिरव्या चटईवरून पडलोय दोनदा. एका तरी वाचकाची फसगत झाली असेल तर दाखवा."

"वस्तूंचं कोण म्हणतंय?"

त्याने नजर काचेखालच्या डब्यांकडे वळवली.

"सांगून टाका तिला," औषधवाला हलक्या आवाजात म्हणाला. "भली असली तर समजून घेईल. नसली तर बोंब मारेल. काही झालं तरी सुटाल तुम्ही."

"सुटून जाऊ कुठे? दर आठवड्याला माणसं विचारतात, तुम्ही दोघं कसे आहात. दोघं, कळलं? ते विचारणं थांबलं, की माझं माणूस दुसऱ्यांदा जाईल. आणि या खेपेला मीच घालवलेलं असेल."

औषधवाल्याने नेहमीची पाकिटे कागदी पिशवीत घालून पुढे सरकवली आणि उगाच काच पुसत राहिला.

परतताना जिना संपता संपेना. प्रत्येक वळणावर थांबून त्याने एकच विचार उलटसुलट करून पाहिला, आणि दाराला किल्ली लावेपर्यंत निश्चय झाला होता. औषधवाल्याचे म्हणणे खरे होते. सांगून टाकायचे.

सकाळी त्याने बाहेरची खोली आवरली. दोन खुर्च्या शेजारी मांडल्या, त्यांतली एक उचलून भिंतीशी नेली, आणि थोड्या वेळाने परत आणून ठेवली. आतल्या खोलीत पलंगावरची चादर ताणून बसवलेली होती, आठ महिने होती तशी. दवाखान्यातून परत मिळालेले घड्याळ उशाशी चालू होते. त्याने दार अर्धे ओढून घेतले.

मग तो एक वाक्य घोकत बसला : "तुम्हाला एक गोष्ट आधीच कळवायला हवी होती." चौथ्या वेळी ते न अडखळता म्हणता आले.

बरोबर अकराला घंटी वाजली. काठीच्या परीक्षेचा तो तिसावा दिवस होता आणि नियम मोडणे त्याला मान्य नव्हते. म्हणून काठी घेऊनच तो दाराशी गेला.

दारात खांद्याला कॅमेऱ्याची पिशवी अडकवलेली एक तरुणी उभी होती. तिने काठीकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि तिचा चेहरा उजळला.

"काका! सापडलात एकदाचे! खरं सांगते, घाबरतच आलेय. आमच्या काठीला आता काय नावं ठेवताय, देव जाणे!"

"तुम्हाला एक गोष्ट..." त्याने सुरुवात केली.

"अंहं, शेरा आत्ता नको. आधी फोटो. आणि चिरंजीव कुठे आहेत? माझे बाबा त्यांचा लेख वाचल्याशिवाय सकाळचा चहा घेत नाहीत. म्हणाले, त्या मुलाला मुद्दाम भेटून ये."

ती त्याच्या खांद्यावरून आत डोकावत होती, अर्ध्या उघड्या दाराकडे, मोठ्या कौतुकाने.

घोकलेले वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. काठीवर भार देऊन तो सावकाश वळला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून त्याने हाक मारली :

"अरे बाळा, ऊठ. तुला भेटायला आल्यात बघ."