ब्रेकचा महिना

भोपाळच्या टाउनशिपमधल्या कारखान्यात विलास कंत्राटी फिटर होता. कायम करावं लागू नये म्हणून दरवर्षी त्याला महिनाभर 'ब्रेक' देत. पण बॉयलर त्याच्यावाचून अडायचा, म्हणून ठेकेदार सांगायचा, "भैया, तेवढा महिना बायकोच्या नावावर हजेरी लावा." देवापुढे बसताना शालिनीला या खोटेपणाची लाज वाटे, पण नुसत्या निरांजनावर भात शिजत नाही.

यंदा महिला दिनी नव्या साहेबांनी हजेरीपटावरचं नाव पाहून, पाना कशाशी खातात हेही ठाऊक नसलेल्या शालिनीला, कारखान्यातली एकमेव महिला फिटर म्हणून मंचावर बोलावलं आणि नोकरीत कायम केलं. मग खाली टाळ्या वाजवणाऱ्या विलासकडे वळून म्हणाले,

"विलासराव, वहिनींकडून शिका काहीतरी. तुम्ही अजून कंत्राटावरच ना?"