क्रेनच्या नकाशाचं झबलं
कारखान्यातले कापडावरचे मोठाले नकाशे फिल्मवर घेतले तेव्हा ड्राफ्ट्समन हेरेकर एवढंच म्हणाले, “साहेब, आकडे बारीक आहेत. आधी फिल्म तपासू या.” “फिल्मला चाळिशी लागत नाही, हेरेकर!” साहेबांनी क्रेनच्या नकाशावर ‘रद्द’चा शिक्का मारून सही ठोकली. रद्द नकाशाचं तलम कापड ज्याचं त्यानं घरी न्यायचं, ही तिथली रीत. चामराजपेटेतल्या घरी हेरेकरांच्या बायकोनं ते उकळून खळ काढली. हेरेकरांनी सहा महिने खपून काढलेल्या रेघा मोरीत वाहून गेल्या आणि नातवाला झबलं झालं. पुढच्याच महिन्यात फिल्मवरचा एकही आकडा वाचता येईना. “मूळ नकाशा गहाळ केलात? लेखी जबाब द्या!” साहेब सगळ्यांदेखत कडाडले. दुसऱ्या दिवशी हेरेकरांनी साहेबांपुढे झबलं पसरलं. पाठीवर पक्क्या शाईतला ‘रद्द’चा शिक्का आणि साहेबांची सही, जशीच्या तशी. साहेबांनी झबलं घडी करून खणात टाकलं, किल्ली फिरवली. “आता लिहा जबाब.”