मनापासून खोका

"हं, काका. खोका."

सर्जनबाई कॉटपाशी वाकून खालच्या बाटलीकडे बघत होत्या. कॉटवरचा पेशंट, पेशाने ड्रायव्हर, खोकला. बाटलीतलं पाणी जरासं वर-खाली झालं. बुडबुडा एकही आला नाही.

फुप्फुसाचा तुकडा काढल्याला आज नववा दिवस. बरगड्यांमधून निघालेली नळी त्या पाण्यात बुडालेली होती. आतल्या टाक्यांतून हवा गळत असली की पाण्यात बुडबुडे येत, आणि बुडबुडे आले की मुक्काम एक दिवस वाढे. आठ दिवस रोज सकाळी हेच चाललं होतं.

"पुन्हा."

तो पुन्हा खोकला. पाण्यात काही नाही.

"कालपासून एकदाही नाही?"

"नाही. सुटलो म्हणायचं," ड्रायव्हर म्हणाला.

बायको खिडकीशी उभी होती. हातातल्या फोनवर पाच दिवसांच्या नातीचा फोटो होता. बाळंतपणात लेकीला आई हवी होती आणि आई इथे अडकली होती. आज नळी निघाली तर उद्या सुट्टी, परवा लेकीकडे. चहा घेताना दोघांनी गाडीची वेळसुद्धा बघून ठेवली होती.

सिस्टरने ट्रे आणला. सर्जनबाईंनी हातमोजे चढवले, नळीजवळचा टाका कापायला कात्री उचलली. "मी सांगितलं की श्वास रोखून धरायचा. दोन सेकंदांचं काम आहे."

रोज तपासणी झाली की ड्रायव्हर आधी बायकोकडे बघायचा. आज तो छताकडे बघत होता. ती खिडकीपासून पुढे आली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे असे खोकत नाहीत."

कात्री थांबली.

"अडतीस वर्षं ऐकतेय मी. हे खोकले की शेजारच्यांना कळतं. आत्ता नुसता घसा साफ केला यांनी. सकाळी तोंड धुताना ठसका लागला, तेव्हा बाटली नुसती उकळत होती."

सर्जनबाईंनी कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि त्याच्या हातात उशी दिली. "ही छातीशी घट्ट धरा. आणि काका, आता मनापासून खोका."

त्याने डोळे मिटले आणि खोकला. बाटलीत बुडबुड्यांची रांग लागली. खोकला थांबल्यावरही दोन-तीन येतच राहिले.

सर्जनबाईंनी मोजे उतरवले. "आत्ता काढली असती तर आत हवा साठून फुप्फुस दबलं असतं. घरी, नाहीतर गाडीत. मग काय केलं असतं तुम्ही?" त्याने उशी बाजूला ठेवली. "पॅसेजमधल्या फेऱ्या वाढवा. उद्या बघू."

त्या गेल्या. सिस्टर ट्रे घेऊन गेली.

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" तो म्हणाला.

तिने फोन पर्समध्ये टाकला. चेन लावायला तिला वेळ लागला.

"मलाही बघायचीय ती," ती म्हणाली. मग वाकून बाटली उचलली, कमरेच्या खाली धरली. "उठा. फेरी मारायची आहे."

तो उठला. पायांत चपला सरकवल्या आणि तिला मागे टाकून तरातरा पॅसेजमध्ये निघाला. चौथ्या पावलाला नळी ताणली गेली. तो थांबला. मान वळवली नाही. ती बाटली घेऊन शेजारी येईपर्यंत तसाच उभा राहिला.